गुरुबंधूचा शब्द : सख्य जोडावे कसे व राखावे कसे

विषयप्रवेश

मनुष्यास जन्माबरोबर जे लाभते ते नाते आणि जन्मानंतर जे जोडावे लागते ते सख्य होय. नात्यामध्ये निवड नसते. सख्यामध्ये निवडीवाचून काहीच नसते. संसारात राहणाऱ्या वासनिकास ही दोन्ही आपापल्या परीने उपयोगी पडतात आणि तो दोहोंचा फारसा विचारही करीत नाही. परंतु परमेश्वरप्राप्तीस्तव ज्याने घरदार सोडले त्या साधकापुढे मात्र येथे एक खरी अडचण उभी राहते. आपला देश, आपले गाव आणि त्याहूनही विशेषेकरून आपले नातलग यांच्याशी असलेला संबंध सोडावा, असा सर्वज्ञांचा उपदेश सूत्रपाठात स्पष्ट आहे. मग जो संबंध आयता मिळाला होता तो तोडून नवा संबंध जोडण्यात काय अर्थ? आणि तो जोडू नये म्हणावे, तर आपल्या पूर्वजांनी एकमेकांस धरून जो मार्ग चालविला त्याची संगती कशी लावावी? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

शंका व तिची दोन टोके

या उपदेशाचा अर्थ न उलगडल्यामुळे साधकांमध्ये दोन प्रकार दृष्टीस पडतात. काही साधक असे असतात की, ते एकाच मठात एकाच पंगतीस वर्षानुवर्षे बसतात. परंतु त्यांचा परस्परांशी व्यवहार सकाळ-संध्याकाळच्या दंडवतापलीकडे जात नाही. शेजारचा साधनवंत आजारी आहे की खिन्न आहे, त्याचे स्मरण चालले आहे की खंडले आहे, याची त्यांना वार्ता नसते. यालाच ते निःसंगता म्हणतात. दुसरे काही याच्या अगदी उलट. त्यांनी एक घर सोडले खरे, पण चार मनाजोगत्या माणसांचे दुसरे घर उभे केले. त्या चौघांत गावाकडच्या गोष्टी निघतात, पाचव्याची उणीदुणी निघतात, आणि परस्परांची स्तुती तर अखंड चालते. यालाच ते प्रेम म्हणतात.

पहिल्यास उदासीनता आणि वैराग्य यांतील भेद कळला नाही. दुसऱ्यास आसक्ती आणि सख्य यांतील भेद कळला नाही. दोघेही एकटेच आहेत. पहिला एकांतात एकटा आहे, दुसरा गर्दीत एकटा आहे. दोघांच्याही जवळ असा एकही मनुष्य नाही की जो त्याचे पाऊल घसरत असता त्याचा हात धरील.

समाधान

सर्वज्ञांनी जो संबंध त्याज्य म्हटला आहे तो ममत्वाचा संबंध होय. आपला देश आपला म्हणून गोड वाटतो, आपले गाव आपले म्हणून आठवते, आणि आपला पुत्र केवळ आपला म्हणून इतरांहून गुणी भासतो. या ‘आपले’पणात वस्तूचा विचार नाही, सत्याचा विचार नाही, हिताचाही विचार नाही, म्हणून तो साधनाच्या आड येतो. सख्याचे मूळ याहून वेगळे आहे. दोन वाटसरूंचे मुक्कामाचे ठिकाण एकच असले म्हणजे त्यांना वाट एकत्र चालता येते. त्यांपैकी एक जण वाट चुकला तर दुसरा त्याला हाक मारतो. ती हाक ममत्वातून आलेली नसते; दोघांच्या गन्तव्यातून आलेली असते.

सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर त्यांची अनुसरलेली मंडळी वियोगाने व्याकुळ झाली. ती रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात आली. तेथे आचार्य श्रीनागदेवाचार्य म्हणजेच भटोबास होते, म्हाइंभट होते, महदाइसा होत्या. भटोबास सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत असत. म्हाइंभटांनी त्यांस त्याविषयी पुसले, ते सांगत गेले, हे लिहीत गेले. आणि त्यांतून लीळाचरित्र सिद्ध झाले. एकाचे स्मरण आणि दुसऱ्याची जिज्ञासा असा तो योग होता. भटोबास एकांतात केवळ मनन करीत राहिले असते आणि म्हाइंभट दंडवत घालून आपल्या आसनावर जाऊन बसले असते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते, याचा विचार प्रत्येक साधकाने करावा. ज्या मार्गाचा आद्य ग्रंथच दोन सहचरांच्या संवादातून झाला, तो मार्ग सख्यास त्याज्य कसे म्हणेल?

संबंधी आणि सखा

नाते आणि सख्य यांतील भेद श्रीकृष्ण महाराजांच्या चरित्रात फार उघडपणे दिसतो. शिशुपाल हा श्रीकृष्णांच्या आत्याचा मुलगा. नाते इतके जवळचे की, त्याचे शंभर अपराध सहन करण्याचे वचन श्रीकृष्णांनी आत्यास दिले होते. तरीही तो आयुष्यभर वैरीच राहिला. उद्धवदेव हेही यादवकुळातलेच, म्हणजे नातलगच. पण श्रीकृष्णांनी त्यांना सखा मानले, आणि आपल्या अवताराची समाप्ती जवळ आली असता जे सांगावयाचे ते त्यांना सांगितले. दोघेही संबंधी, परंतु एकाच्या ठिकाणी संबंध असून सख्य नाही, दुसऱ्याच्या ठिकाणी संबंध केवळ निमित्तमात्र आहे. रक्ताने वैर टळत नाही आणि रक्तावाचून सख्य अडत नाही, हे यावरून सिद्ध होते.

शिशुपाल आणि उद्धवदेव या दोन नावांचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. कारण, ही दोन नावे ज्या दोन ग्रंथांशी जोडलेली आहेत त्या दोन ग्रंथांच्या मध्ये एक सख्याचा प्रसंग उभा आहे. प्रस्तुत विषयाचे सर्व सार त्या एका प्रसंगात आहे.

प्रसंग

कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर हे भटोबासांचे शिष्य. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शिशुपालवध हा १०८७ ओव्यांचा ग्रंथ रचला. भागवताचा दशमस्कंध आणि माघ कवीचे संस्कृत महाकाव्य यांचा आधार त्यास आहे. त्यात वसंताचे वर्णन आहे, जलक्रीडा आहे, श्रीकृष्ण-रुक्मिणी यांचा प्रणयकलह आहे. काव्यगुणांनी तो ग्रंथ किती संपन्न आहे, हे मराठीच्या रसिकांस सांगावयास नको. ग्रंथ पूर्ण झाल्यावर भास्करभट्टांनी तो आपल्या गुरुबंधूस दाखविला. गुरुबंधूने तो पाहून दोन गोष्टी सांगितल्या. ग्रंथ उत्तम झाला आहे, ही पहिली. परंतु ज्यांनी संसारातून निवृत्ती पत्करली त्यांना तो योग्य नव्हे, ही दुसरी. यावर भास्करभट्टांनी पुन्हा लेखणी हाती घेतली आणि भागवताच्या एकादशस्कंधावर ८२७ ओव्यांची उद्धवगीता रचली. शृंगाराच्या जागी वैराग्य आले, आणि वैऱ्याच्या कथेनंतर सख्यास केलेला उपदेश आला.

प्रसंगाचे विवरण

हा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. काव्याच्या इतिहासात तो नेहमी सांगितला जातो. तथापि सख्याच्या दृष्टीने त्याचा विचार क्वचितच होतो. म्हणून त्यातील एकेक अंग वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

पहिले अंग असे की, भास्करभट्टांनी ग्रंथ दाखविला. दाखविणे ही लहान गोष्ट नव्हे. हजारावर ओव्या रचणाऱ्या कवीस आपली कृती कशी आहे हे स्वतःस ठाऊक असते. निदान तसे त्याला वाटते. अशा वेळी ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपला अभिमान त्याच्या हाती देणे होय. ज्याच्यापाशी आपण आपली कृती, आपली शंका किंवा आपली चूक उघडी करू शकत नाही, तो आपला परिचित असेल, सहवासी असेल, सखा नव्हे.

दुसरे अंग गुरुबंधूच्या उत्तरातील क्रमाचे. त्याने प्रथम गुण मान्य केला. तो गुण खरा होता म्हणून मान्य केला. पुढील कटू शब्दास गोडी यावी म्हणून नव्हे. ज्याला गुण दिसत नाही त्याला दोष दाखविण्याचा अधिकार नाही, कारण त्याची दृष्टीच एकांगी ठरते. परंतु गुण मान्य करून तो तेथेच थांबला असता तर? शिशुपालवध मार्गात वाचला गेला असता, कवीची कीर्ती झाली असती, गुरुबंधूही कवीचा आवडता राहिला असता. आणि उद्धवगीता मात्र कदाचित कधीच झाली नसती. थांबणे सोपे होते, म्हणूनच न थांबण्यास मोल आहे.

तिसरे अंग असे की, गुरुबंधूने कवीस नावे ठेविली नाहीत. तुझे मन शृंगारात रमते, तुझे वैराग्य कच्चे आहे, असे तो म्हणाला नाही. ग्रंथ कोणासाठी आहे आणि त्या वाचकास तो हितकर आहे की नाही, एवढेच त्याने सांगितले. त्याचा शब्द कृतीविषयी होता, कर्त्याविषयी नव्हता. आणि त्याचे माप स्वतःची आवड हे नसून निवृत्तांचे हित हे होते.

चौथे अंग भास्करभट्टांचे. त्यांनी वाद घातला नाही, अबोला धरला नाही आणि रागाच्या भरात पहिला ग्रंथ टाकूनही दिला नाही. शिशुपालवध राहिला, उद्धवगीता झाली, आणि पुढे पंथाने साती ग्रंथांत दोहोंनाही स्थान दिले. मित्राच्या शब्दाने आपले पूर्वीचे सर्व मातीमोल होते अशी भीती अनेकांस वाटते, आणि त्या भीतीपोटी ते तो शब्द कानावर पडूच देत नाहीत. येथे तसे काही झाले नाही. पूर्वीचे गेले नाही. त्याहून अधिक योग्य असे काही त्यात मिळाले.

दुसरी शंका

येथे कोणी असे म्हणेल की, साधकाने परक्याचे दोष पाहू नयेत, आपले पाहावेत, हाच शास्त्राचा कल आहे. मग मित्रास त्याची चूक दाखविणे हे परदोषदर्शन नव्हे काय?

याचे उत्तर असे. दोष पाहणारा तिसऱ्यापाशी बोलतो. हित पाहणारा ज्याचे त्याच्यापाशी बोलतो. दोष पाहणाऱ्यास बोलून झाल्यावर हलके वाटते; हित पाहणाऱ्यास बोलण्यापूर्वी जड वाटते. एखाद्या साधनवंताचे निरूपण लोकप्रिय झाले, सभा वाढू लागली, आणि हळूहळू शास्त्र मागे पडून चुटके पुढे आले, असे समजू. त्याचे चार सोबती मागे बसून आपसांत हसतात, आणि पुढे येऊन वाहवा करतात. त्यांनी परदोषही पाहिला आणि हितही चुकविले. पाचवा एक जण सभा संपल्यावर एकांतात येतो, दंडवत घालतो आणि म्हणतो, ‘दादा, वाणी फार गोड, पण आज सूत्राचा अर्थ राहून गेला.’ हा दोषदर्शी नव्हे. त्या निरूपणकारास त्या दिवशी याचाच राग येईल; परंतु पुढे कधी पाऊल घसरले तर त्या चौघांच्या वाहवेचा काही उपयोग होणार नाही. एखादा साधक मार्गातून ढळतो तेव्हा तो एकटाच दोषी नसतो. ज्यांना आधीपासून ठाऊक होते आणि जे गोड राहण्यासाठी गप्प बसले, त्यांचाही त्यात वाटा असतो.

सख्य कसे जोडावे

सख्य जोडावयाचे म्हणून जोडता येत नाही. एका कामास दोघांनी हात लावला म्हणजे ते आपोआप जडते. श्रीकृष्ण आणि सुदामदेव हे सांदीपनींच्या आश्रमातील गुरुबंधू. गुरुपत्नीने त्यांना सरपण आणावयास पाठविले असता वादळ-पाऊस झाला, आणि त्यांनी एकमेकांचा हात धरून अरण्यात रात्र काढली. पुढे एक द्वारकाधीश झाला आणि दुसरा जीर्ण वस्त्रे नेसून त्याच्या दाराशी आला, तेव्हा श्रीकृष्णांनी आठवण काढली ती याच रात्रीची. शाळेत पाठ केलेल्या विद्येची आठवण पुसट होते. बरोबर उचललेल्या मोळीची राहते.

साधकांनी बरोबर अटन करावे, एकच पोथी मधे ठेवून आवर्तन करावे, अडलेल्या शब्दाचा अर्थ एकमेकांस पुसावा, आजाऱ्याच्या उशाशी पाळीने बसावे. वासनिकांनी एकत्र तीर्थस्थानास जावे, एकाच्या घरचे कार्य दुसऱ्याने उचलावे. यांत सर्वांत मोठे साधन म्हणजे पुसणे. महदाइसांनी सर्वज्ञांस आणि आचार्यांस पुसले नाही असा विषय विरळा. पुसणारा स्वतःकडे उणेपणा घेतो, आणि जेथे एक जण उणेपणा घेण्यास तयार असतो तेथे दुसऱ्याचा संकोच गळून पडतो.

परंतु जोडताना एक सावधगिरी पाहिजे. समान विद्येचे, समान आवडीचे दोघे एकत्र आले की त्यांची एक बंद खोली होते. केशवराज सूरी म्हणजेच केसोबास आणि पंडित दामोदर हे दोघेही संस्कृतात निपुण. ते दोघे संस्कृताच्या वळणाने प्रश्न करू लागले, तेव्हा आपणास सर्वज्ञांनी मराठीतच निरूपण केले आहे, तीतच पुसावे, असे भटोबासांनी त्यांस सांगितले. केसोबासांच्या संस्कृत रचनेच्या प्रसंगीही भोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास वंचित होतील ही चिंता आचार्यांनी बोलून दाखविली. आचार्यांनी दोघा विद्वानांचे सख्य मोडले नाही; त्या खोलीचे दार मात्र उघडे ठेवविले. ज्या सख्यामुळे मठातील एखादी म्हातारी दाराबाहेर राहते, त्या सख्यात गटबाजीचे बीज आहे असे निश्चित समजावे.

सख्य कसे राखावे

जोडण्यापेक्षा राखणे कठीण, कारण जोडताना दोघेही आपले बरे अंग पुढे करतात. राखताना उरलेले अंग पुढे येते. म्हणून काही नेम पाळणे आवश्यक ठरते.

मित्राविषयी जे सांगावयाचे ते मित्रासच सांगावे, आणि एकांतात सांगावे. विश्वासाने कळलेली गोष्ट तिसऱ्याच्या कानी जाऊ देऊ नये. ती एकदा गेली की शंभर दंडवतांनी परत येत नाही. दिल्या-घेतल्याचा हिशेब ठेवू नये. सुदामदेवांनी काही मागितले नाही आणि श्रीकृष्णांनी काही विचारले नाही. मूठभर पोह्यांवर भेट पूर्ण झाली. मित्र आपल्यावाचून दुसऱ्यापाशीही बसतो म्हणून रुसू नये. तसा रुसवा आला तर घरी सोडलेले ममत्व वेषांतर करून मठात आले आहे, हे ओळखावे.

आपले म्हणणे मित्राने पडताळून पाहिले तर तो अपमान मानू नये. म्हाइंभटांनी भटोबासांकडून लीळा लिहून घेतल्या, आणि पुढे ज्यांच्या ज्यांच्या समक्ष त्या घडल्या त्यांच्याकडे जाऊन त्यांची खातरजमाही केली. एखाद्या लीळेचा पाठ निरनिराळ्या साक्षीदारांनी निराळा सांगितला असता त्या भेदाची नोंद राहिली. ही पडताळणी आचार्यांवरील अविश्वास ठरली नाही. उलट तिच्यामुळेच आचार्यांचे स्मरण पुढील पिढ्यांस विश्वसनीय झाले. ज्या सख्यात पुराव्याची मागणी सहन होत नाही, ते सख्य सत्याहून मोठे होऊ पाहते, आणि म्हणूनच फार काळ टिकत नाही.

आणि शब्दाला शब्द लागून बिघडलेच, तर कोण बरोबर होता याचा निर्णय होईपर्यंत थांबू नये. जो आधी जाऊन दंडवत घालील त्याने सख्य राखले. चूक दुसऱ्याची असतानाही आधी जाता येते, किंबहुना तेव्हाच आधी जाण्यास अर्थ आहे. आपल्या मार्गात दंडवत हा भेटीचा प्रारंभ आहे. त्याला केवळ रीत करून टाकल्यामुळे, अबोला धरलेले दोघेही तो रोज घालतात आणि तरीही बोलत नाहीत. ज्या दंडवतानंतर एखादा शब्द उमटत नाही, तो अर्धाच राहिला.

उपसंहार

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. संबंध सोडावा आणि सख्य जोडावे, यांत विरोध आहे काय? याचे उत्तर उद्धवगीतेच्या विषयातच आहे. श्रीकृष्णांचे प्रयाण जवळ आले तेव्हा उद्धवदेवांनी, मला येथे ठेवून जाऊ नये, अशी विनवणी केली. प्रिय सख्यास त्या वेळी गोड वाटेल असे काही सांगता आले असते. श्रीकृष्णांनी सांगितले ते असे की, स्वजनांचा स्नेह सोडावा, चित्त माझ्या ठिकाणी ठेवावे आणि समदृष्टीने पृथ्वीवर विचरावे. सख्याने सख्यास दिलेला शेवटचा उपदेश संबंध सोडण्याचा होता, आणि सखा होता म्हणूनच तो देता आला. नातलग मनुष्यास धरून ठेवतो. सखा त्यास मोकळा करतो. जे मोकळे करते ते सोडावयाचे कशासाठी?

गुरुबंधूचा तो एक शब्द भास्करभट्टांनी ऐकला. त्यांच्या कवित्वाची कीर्ती सर्वत्र आहे. गुरुबंधूची कीर्ती त्या शब्दापुरतीच आहे. तरीही उद्धवगीतेची पोथी उघडताना वाचकाने कवीबरोबर त्यालाही मनोमन दंडवत करावे. आणि पोथी मिटल्यावर स्वतःस दोन गोष्टी पुसाव्यात. माझी कृती निर्भयपणे दाखवावी असा माझा कोण आहे? आणि जो मला आपली कृती दाखवितो, त्यास मी खरे सांगतो काय? या दोहोंची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याने घर सोडूनही काही गमावले नाही. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने उद्या सकाळचा दंडवत झाल्यावर शेजारच्या आसनाशी घटकाभर बसावे, आणि आधी आपणच काही पुसावे.